बार्सिलोना ते रोम, दहा रात्री, एकच गाडी: बसेल का?

अंत्रुजकार (फोंडा)

नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात मुलाच्या सुट्टीत भूमध्य समुद्राच्या काठाने गाडीने फिरायचा बेत आहे. माणसं चार: आम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि आई. आईचं वय ६८, चालते व्यवस्थित, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या नकोत.

बेत असा. बार्सिलोनाला उतरायचं, विमानतळावरच गाडी घ्यायची, किनारा धरून मोंपेलिए, मार्से, नीस, मोनाको, जेनोवा, चिंक्वे तेर्रे, पिसा करत रोमला गाडी सोडायची आणि तिथूनच परतीचं विमान. दहा रात्री. मॅप साडेतेराशे किलोमीटर दाखवतो, म्हणजे दिवसाला दीडशेच्या आतच. इथे मी अर्टिगा चालवतो, चोर्ला आणि अनमोड दोन्ही घाट सवयीचे आहेत, त्यामुळे वळणांची भीती नाही.

विचारायचं ते हे: एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडता येते का? सामान बरंच असणार, तर सात सीटर घ्यावी का? आपलं लायसन्स चालतं का? व्हिसा स्पेनचा काढायचा, फ्रान्सचा की इटलीचा? आई सोमवारी आणि गुरुवारी शिवराक (शाकाहारी) असते, तिच्या खाण्याचं काय? बेतात काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा, अजून एकही बुकिंग केलेलं नाही.

दर्यादेगेर (काणकोण)

बुकिंग केलं नाहीत हे उत्तम. बेत दोन ठिकाणी फाटतो.

पहिलं म्हणजे ते साडेतेराशे किलोमीटर हायवेचे आहेत, किनाऱ्याचे नाहीत. बार्सिलोना ते मार्से या पट्ट्यात हायवेवरून समुद्र जवळजवळ दिसत नाही. पेर्पिन्याँच्या पुढे किनाऱ्याला लागून खारी सरोवरं आणि पाणथळ जमीन आहे, रस्ता आतून जातो. म्हणजे दोन दिवस टोल भरून ट्रकांच्या मागे चालायचं. दुसरं म्हणजे जिथे किनारा खरोखर बघण्यासारखा आहे, तिथे गाडी हळू चालते. लिगुरियात, म्हणजे इटलीच्या जेनोवाकडच्या किनाऱ्यावर, विया आउरेलिया, म्हणजे एसएस-१ हा जुना रोमन रस्ता, प्रत्येक गावाच्या पोटातून जातो. ५० ची मर्यादा, झेब्रा क्रॉसिंग, स्कूटर, आणि एकामागून एक गाव. सरासरी ताशी ३० ते ३५ धरा. वरून जाणारी आउतोस्त्रादा, म्हणजे इटलीतला टोलचा हायवे, वेगवान आहे, पण ती बोगदा-पूल-बोगदा अशी शिवलेली. समुद्र दोन बोगद्यांच्या फटीत दोन सेकंद दिसतो, आणि तोही शेजारी बसणाऱ्याला. २०१८ साली जेनोवाचा मोरांदी पूल पडला, त्यानंतर त्या भागातले बोगदे आणि पूल कसून तपासायला घेतले, तेव्हापासून तिथे एका लेनवर वाहतूक वळवलेली वारंवार आढळते. मॅपवरचे अडीच तास सहज साडेतीन होतात.

म्हणून माझं सांगणं: स्पेन या खेपेला सोडा. नीसला उतरा, रोमहून परता, आणि गाडी सलग दहा दिवस ठेवूच नका. जिथे गाडीचा उपयोग आहे तिथेच घ्या, मधला पट्टा रेल्वेने करा. रेल्वे तिथे पाण्याच्या काठानेच जाते.

माझी विभागणी अशी असेल: नीस ३ रात्री, लेवांतो ३, तोस्कानाचा किनारा २, रोम २.

नीसला पोचलात त्या दिवशी गाडी घेऊ नका. रात्रभराचा प्रवास, साडेतीन तासांचा वेळेतला फरक आणि उलट्या बाजूचं ड्रायव्हिंग, तिन्ही एकदम नको. ट्राम क्रमांक २ विमानतळावरून थेट शहरात जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ट्रामने टर्मिनल २ ला या, भाड्याच्या गाड्या तिथेच मिळतात, आणि एका दिवसापुरती गाडी घेऊन एस्तेरेलचा किनारा करा. तिसऱ्या दिवशी गाडी नसताना रेल्वेने विलफ्राँश आणि माँतों. नीसहून माँतोंकडे जाताना डब्यात उजव्या बाजूला बसा, समुद्र त्या बाजूला आहे. मोनाको त्याच मार्गावर आहे, उतरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मे-जूनमध्ये तिथल्या ग्राँ प्री या मोटारींच्या शर्यतीच्या आठवड्यात गेलात तर मात्र नीसपर्यंतच्या हॉटेलांचे भाव पेटलेले असतात आणि मोनाकोतले रस्ते कठड्यांनी अडवलेले. त्या वर्षीच्या शर्यतीची तारीख आधी बघा, मग विमानाचं तिकीट काढा.

एस्तेरेलबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बहुतेकजण इथेच उलटे जातात. तिकडे गाडी उजवीकडून चालते. म्हणजे समुद्र तुमच्या उजव्या हाताला हवा. तसं झालं तरच समुद्राकडच्या थांबायच्या जागा तुमच्या बाजूला येतात आणि समोरची वाहनं कापून डावीकडे वळावं लागत नाही. त्यासाठी नीसहून किनाऱ्याने निघू नका. ए-८ हायवे धरून पश्चिमेला जा, ३८ नंबरच्या एक्झिटला फ्रेजुस-सँ राफाएलसाठी बाहेर पडा, साधारण ६५ किलोमीटर. आणि मग सँ राफाएल, आगे, आँतेओर, ल त्रेया, तेऊल असं किनाऱ्याने परत कानकडे या. लाल पोर्फिरी खडक थेट निळ्या पाण्यात उतरलेला, आणि रस्ता त्या खडकातच कोरलेला. हा रस्ता १९०३ मध्ये खास फिरणाऱ्यांसाठीच खुला केला. जेमतेम ३०-४० किलोमीटर आहे, पण थांबत थांबत तीन तास लागतात. थांबायच्या जागा चार-पाच गाड्यांच्या असतात, अकरानंतर भरतात. नीसहून साडेआठला निघालात तर सगळं आरामात.

चाकं_चार (म्हापसा)

दर्यादेगेर यांचा आराखडा बरोबर आहे. गाडीचं मी सांगतो.

एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडता येते, पण त्याचा वेगळा आकार लागतो आणि तो कित्येकदा भाड्याइतका किंवा भाड्यापेक्षा जास्त होतो. गाडी परत तिच्या देशात न्यायला कंपनीला माणूस पाठवावा लागतो, त्याचे पैसे तुम्ही भरता. एकाच देशात एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडणं पुष्कळ स्वस्त, कधी फुकटही. म्हणून नीसची गाडी नीसलाच द्या, इटलीत दुसरी घ्या.

सात सीटर नको. मागची सीट उभी ठेवली की डिकी उरतच नाही, हे तुम्हाला अर्टिगामुळे माहीत असेलच. चार माणसांना गोल्फच्या मापाची गाडी पुरते. तिची डिकी ३८० लिटरच्या आसपास असते. दोन मध्यम बॅगा आणि दोन केबिन बॅगा बसतात, त्याहून जास्त सामान नेऊ नका. जुन्या शहरांतल्या तळघरातल्या पार्किंगचे उतार अरुंद आणि वळणाचे असतात, तिथे मोठी गाडी म्हणजे दोन्ही आरसे मिटून घाम गाळणं. डिकीत न मावलेली बॅग मागच्या सीटवर दिसत राहिली की चोर काच फोडतात. नीस, मार्से आणि हायवेवरचे थांबे यासाठी कुप्रसिद्ध आहेत. पुढची युक्तीही माहीत असू द्या: कुणी हात करून 'टायर पंक्चर' असं खुणावलं तर तिथे थांबू नका, पुढच्या पेट्रोल पंपावर जाऊन बघा.

बुकिंग करताना 'ऑटोमॅटिक' मुद्दाम निवडा. काही न निवडता मिळते ती बहुधा मॅन्युअल. ऑटोमॅटिकला जास्त पैसे पडतात, पण उजव्या हाताने गिअर टाकायचं ओझं तरी कमी होतं. इंडिकेटरचा दांडा तिकडे डावीकडे असतो, आपल्या मारुतीत उजवीकडे. पहिल्या तासाभरात प्रत्येक वळणाला वायपर चालू होणार, त्याने बिचकू नका. खरा धोका वेगळा आहे. आपल्याला गाडीचा मोठा भाग डावीकडे असायची सवय असते. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि गाडी उजवीकडे पसरलेली असते, त्यामुळे नकळत आपण उजवीकडे सरकत जातो आणि उजवी चाकं फुटपाथच्या कडेला घासतात. चाकं, टायर, काचा, गाडीचा तळ हे साध्या विम्यात बहुधा धरलेले नसतात. उपाय एवढाच: तुमची बाजू रस्त्याच्या मधल्या रेषेकडे ठेवा आणि उजवा आरसा दर मिनिटाला बघा.

काउंटरवर मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट किंवा प्रीपेड फॉरेक्स कार्डावर डिपॉझिट अडवून ठेवायला अनेक कंपन्या नकार देतात, आणि मग गाडी मिळत नाही, भरलेले पैसेही अडकतात. डिपॉझिटची रक्कम व्हाउचरच्या अटींत लिहिलेली असते. तेवढी लिमिट मोकळी ठेवा, आणि कार्डावर परदेशातले व्यवहार चालू आहेत ना ते निघण्यापूर्वी बघा. घेताना चारही चाकांच्या रिम, पुढची काच, छत आणि बंपरचा खालचा भाग यांचा व्हिडिओ काढा. जुना ओरखडा कागदावर नसेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही नको.

पिवळा रिफ्लेक्टिव्ह जाकीट आणि त्रिकोण गाडीत आहेत ना, ते बघा. जाकीट डिकीत नको, आत हाताशी हवं, कारण हायवेवर गाडी बंद पडली तर ते घालूनच उतरायचं असतं.

मुलाची उंची किती? फ्रान्समध्ये दहा वर्षांखालच्यांना मुलांची सीट लागते, तुमचा सुटला. इटलीत मात्र हिशेब वयाचा नाही, उंचीचा आहे: १५० सेंटिमीटरच्या खाली असेल तर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी सीट, हवाच. बुकिंगमध्येच सांगून ठेवा.

मांडवीपलीकडे (पर्वरी)

व्हिसा आणि कागदपत्रं.

फ्रान्स, इटली, स्पेन या सगळ्यांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. तो ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे मागायचा. रात्री समान झाल्या तर जिथे आधी पाऊल टाकता त्या देशाकडे. वरच्या आराखड्यात फ्रान्स ३, इटली ७. म्हणजे उतरणार नीसला, पण अर्ज इटलीकडे. हे उलट वाटतं म्हणून लोक घसरतात. आराखडा नंतर बदललात आणि रात्रींचा तोल फ्रान्सकडे गेला तर अर्जाचा देशही बदलतो, म्हणून आधी रात्री पक्क्या करा, मग अपॉइंटमेंट घ्या. गोव्यातले अर्ज दोन्ही देशांच्या मुंबईतल्या वकिलातींकडे जातात.

प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी. मेचा प्रवास असेल तर फेब्रुवारीतच करून टाका, मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट हाती लागत नाही. फी मोठ्यांना ९० युरो. अर्धी फी सहा ते बारा वर्षांच्या आतल्यांना आहे. तुमच्या मुलाला बारा पूर्ण झाली असतील तर पूर्ण फी पडेल आणि बोटांचे ठसे द्यायला त्यालाही न्यावं लागेल. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांसाठी, आणि प्रवासाचा प्रत्येक दिवस धरून. हॉटेलं रद्द करता येतील अशीच बुक करा. गोव्यात हे विचारायलाच हवं: घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला व्हिसाची गरज नाही, बाकीच्यांना आहे.

लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवंच, इटलीत तर कायद्यानेच लागतं. फॉर्म ४-ए, फी १००० रुपये, सारथी पोर्टलवरून अर्ज करून आपल्या आरटीओत. मुदत एक वर्षाची, म्हणून फार आधी काढू नका. नुसतं परमिट चालत नाही, मूळ कार्डही सोबत हवं. आणि अर्ज करण्यापूर्वी लायसन्स, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड शेजारी ठेवून नावाचं इंग्रजी स्पेलिंग जुळवा. नाईक, कामत, शिरोडकर यांची आपल्याकडे दोन-तीन स्पेलिंगं फिरत असतात. काउंटरवरच्या माणसाला ती तीन वेगळी माणसं वाटतात.

सीमेवर थांबवत नाहीत हे खरं, पण इटलीतून फ्रान्सकडे येताना पोलीस मधूनच तपासतात. रेल्वेतही. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून माँतोंपलीकडे जाऊ नका.

अंत्रुजकार (फोंडा)

देव बरें करूं! स्पेन कापलं. मुलगा १४६ सेंटिमीटर भरला, म्हणजे बूस्टर आला.

आता इटलीचं सांगा. लेवांतोच का? चिंक्वे तेर्रेमध्येच राहिलो तर? आणि तोस्कानाचा किनारा म्हणजे नक्की कुठे, मला तिथे पिसाचा मनोरा सोडून काही माहीत नाही.

दर्यादेगेर (काणकोण)

चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत गाडीचा काडीचाही उपयोग नाही आणि मुक्कामाला पायऱ्या चुकत नाहीत. आईंसाठी लेवांतो सपाट आहे, आणि रेल्वेने पहिलं गाव पाच-सहा मिनिटांवर. ला स्पेत्सिया ते लेवांतो अशी चिंक्वे तेर्रे एक्सप्रेस दिवसभर ये-जा करते. मोंतेरोस्सो सगळ्यांत सपाट, व्हेर्नाझ्झातही स्टेशनपासून बंदरापर्यंत सरळ उतार. कोर्निल्या टाळा: स्टेशन खाली, गाव वर, मध्ये पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. शटल बस आहे, पण मेमध्ये तिला रांग असते. बोटीने एक गाव तरी करा. फक्त समुद्र खवळला की बोटी बंद होतात, म्हणून बोटीचा दिवस आधीपासून बांधून ठेवू नका.

नीस ते लेवांतो रेल्वेने बदल्यांसकट साधारण पाच तास धरा: नीस ते व्हेंतिमिल्या, तिथून जेनोवा, तिथून लेवांतो. व्हेंतिमिल्याला गाडी बदलायला निदान ४० मिनिटं ठेवा. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये छापून घ्यायचं असतं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड जागेवर. संपांच्या तारखा आधी जाहीर होतात, त्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या धावतातच. तुमचा प्रवासाचा दिवस संपाच्या शुक्रवारी आला तर सकाळची पहिली गाडी धरा.

लेवांतोहून रेल्वेने पिसा. पिसा स्टेशनवरून पिसामूव्हर ही बिनड्रायव्हरची गाडी पाच मिनिटांत विमानतळावर पोचवते, तिथे भाड्याची गाडी घ्या. ला स्पेत्सियातही मिळते, पण शहरातली ऑफिसं दुपारी बंद असतात आणि रविवारी उघडतीलच असं नाही.

आता तुमचा खरा रोड ट्रिप इथून सुरू होतो. पिसा ते रोम दक्षिणेकडे जाताना समुद्र पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजव्या हाताला. लिवोर्नो शहर पार केलं की एसएस-१ वर कालाफुरिया ते कास्तील्योन्चेल्लो हा कड्यावरचा रस्ता लागतो. त्याच्या पुढे रस्ता आत वळतो. सान ग्विदोपाशी बोल्गेरीकडे जाणारा सायप्रसच्या झाडांचा रस्ता आहे, जवळजवळ पाच किलोमीटर सरळ रेषेत. त्यानंतर बाराती आखात: वाळू, पाइनची सावली, आणि मागे पोपुलोनियाची, रोमनांच्या आधीच्या एत्रुस्कन लोकांची थडगी. पहिली रात्र सान व्हिन्चेंझोत करा.

दुसऱ्या दिवशी कास्तील्योने देल्ला पेस्काइया करून ओर्बेतेल्लो. हे गाव खाजणाच्या मधोमध आहे, मुख्य भूमी आणि मोंते आर्जेंतारियो यांना वाळूच्या दोन लांब पट्ट्या जोडतात आणि गाव त्यांच्या मधल्या जिभेवर. पोर्तो सांतो स्तेफानोपर्यंत जाऊन या, पण आर्जेंतारियोची पूर्ण फेरी मारायला जाऊ नका. पुढचा एक तुकडा कच्चा आणि अरुंद आहे, आणि कच्च्या रस्त्यावर विमा लागू होत नाही. तिसऱ्या दिवशी १४० किलोमीटरवर रोमचा फिउमिचिनो विमानतळ. वाटेत तार्क्विनियाची चित्रं काढलेली थडगी आहेत, पण प्रत्येकात खाली उतरायला पायऱ्या. आई बाहेर बाकावर बसणार असतील तरच.

गाडी फिउमिचिनोला द्या, रोममध्ये आणूच नका. तिथून लेओनार्दो एक्सप्रेस ही रेल्वे ३२ मिनिटांत तेर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला.

नीसचा एक दिवस आणि हे तीन दिवस मिळून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर होतील. शंभराला साडेसहा लिटर धरले तर ३६ ते ३९ लिटर पेट्रोल.

खारवी (वास्को)

मला हे पटत नाही. नीस ते जेनोवा रेल्वेत बसून घालवायचं? तोस्कानाचा किनारा छान आहे, पण लिगुरियाच्या तोडीचा नाही. रोमचा हट्ट सोडलात तर नीसलाच पाच दिवस गाडी घ्या, पूर्वेकडे आउरेलियाने जा आणि आउतोस्त्रादाने परत या. जाताना समुद्र उजवीकडे, येताना वेग. एकतर्फी आकार नाही, फक्त इटलीत गाडी नेणार हे बुकिंगमध्ये लिहून परवानगी घ्यायची. सानरेमोजवळ जुन्या रेल्वेमार्गावर ओस्पेदालेत्ती ते सान लोरेन्झो अल मारे असा २४ किलोमीटरचा सायकल रस्ता आहे, पूर्ण सपाट, मुलगा खूश होईल. पुढे कापो मेले, फिनाले, नोली. नोलीहूनच परत फिरा, जेनोवात गाडी घालू नका. शुक्रवारी मात्र व्हेंतिमिल्यातून जाऊ नका, तिथला आठवडी बाजार म्हणजे आपला म्हापशाचा शुक्रवार, फक्त रस्त्यावर फ्रान्सच्या नंबरप्लेटी.

असं केलंत तर फ्रान्स-इटली रात्रींचा हिशेब बदलतो, मांडवीपलीकडे यांनी लिहिलेलं विसरू नका.

दर्यादेगेर (काणकोण)

खारवी, दोघंच असती तर मीही हेच सांगितलं असतं. आउरेलियावर एका दिवशी चार-पाच तास थांबत-वळत जाणं मागे बसलेल्या ६८ वर्षांच्या बाईंना आणि बारा वर्षांच्या मुलाला सोसेल का, एवढाच प्रश्न. घाटाची सवय ड्रायव्हरला असते, मागच्यांना नसते.

चाकं_चार (म्हापसा)

कुठलाही मार्ग घ्या, इटलीत दोन गोष्टींनी पैसे जातात.

एक, झेडटीएल, म्हणजे शहराचा बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंद असलेला भाग. जुन्या शहराच्या तोंडाशी पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि खाली वेळा असतात. शेजारच्या दिव्याच्या पाटीवर 'वार्को आत्तीव्हो' असेल तर प्रवेश बंद, 'नॉन आत्तीव्हो' असेल तर खुला. मध्ये 'नॉन' आहे की नाही हे चालत्या गाडीतून वाचायचं असतं, म्हणून संशय आला की आत शिरूच नका. अडवणारं कुणी नसतं, कॅमेरा नंबर टिपतो. पिसा, लुक्का, जेनोवा, रोम, सगळीकडे आहे. आधी भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचे पैसे कार्डावरून कापते, आणि कित्येक महिन्यांनी दंडाची नोटीस फोंड्याला येते. परदेशात राहणाऱ्यांना ३६० दिवसांपर्यंत पाठवता येते. म्हणजे कापलेले पैसे हा दंड नव्हे. नोटीस मिळाल्यावर पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर पोचण्याआधी विचारा की ते गाडीचा नंबर नोंदवून देतात का, आणि कुठल्या फाटकातून यायचं. मॅप हे सांगत नाही.

दोन, टोल. पिवळी टेलेपासची लेन टाळा, ती टॅग असलेल्यांसाठी आहे. नाणी-नोटांचं चित्र असलेली पांढरी पाटी धरा, निळी फक्त कार्डाची. चुकून पिवळ्यात शिरलात तर मागे येऊ नका, मदतीचं बटण दाबा. मशीन एक पावती देतं, तिच्यावरचे पैसे १५ दिवसांत भरायचे. आत शिरताना घेतलेलं तिकीट जपा. हरवलं तर सगळ्यांत लांबच्या फाटकापासूनचा टोल लागतो. फ्रान्समध्ये नारिंगी 'टी' म्हणजे टॅगची लेन, हिरवा बाण म्हणजे सगळ्यांसाठी.

पार्किंगला इटलीत पांढरी रेषा फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव. पांढरीतही कधी वेळेची मर्यादा असते, मग काचेत घड्याळाची तबकडी लावावी लागते. नसेल तर चिठ्ठीवर वेळ लिहून ठेवा.

चौकात काहीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, दोन्ही देशांत. पिवळा चौकोनी हिरा दिसला तर तुमचा रस्ता मुख्य. सर्कलला उजवीकडे वळून आत शिरायचं आणि आतल्यांना आधी जाऊ द्यायचं. पणजीत दिवजां सर्कलला आपण घुसतो तसं नाही. लाल दिव्याला उजवीकडेही वळता येत नाही. इटलीत शहराबाहेर दिवसाही हेडलाइट लावायचे. पाऊस असेल तर हायवेची मर्यादा १३० वरून ११० होते. फोन हातात घेतला तर इटलीत २५० युरोपासून पुढे.

पंपावर 'सेर्व्हीतो' म्हणजे माणूस भरून देतो, भाव जास्त, 'सेल्फ' स्वस्त. सेल्फ मशीनमध्ये ५० ची नोट घातलीत आणि टाकी ३० ला भरली तर वरचे पैसे परत येत नाहीत, फक्त पावती येते आणि ती वटवायला पंप उघडा असावा लागतो. म्हणून लहान नोटा. नळीच्या रंगावर विसंबू नका: पेट्रोलवर गोलात ई-५ किंवा ई-१०, डिझेलवर चौकोनात बी-७. टाकीच्या झाकणात तेच चिन्ह असतं, ते जुळवून मगच भरा.

मांडवीपलीकडे (पर्वरी)

शिवराकचं राहिलं होतं. नीसमध्ये सोक्का आणि लिगुरियात फारिनाता: दोन्ही बेसनाचेच, तव्याऐवजी मोठ्या ताटात भट्टीत भाजलेले, अंडं नाही. फोकाच्चा हा जाडसर पाव सगळीकडे. पान्सोती हे पालेभाजी भरलेले पास्ते अक्रोडाच्या सॉसमध्ये येतात, त्यांच्या पिठात किंवा सारणात अंडं असू शकतं. पेस्तो या हिरव्या सॉसमधलं पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने लावलेलं असतं. आईंना ते चालणार नसेल तर टोमॅटोचा पास्ता 'सेंत्सा फोर्माज्जो' (चीजशिवाय) म्हणून मागा. तिकडे मांस नसलेल्या, पण मासळी असलेल्या पदार्थालाही कधी शाकाहारी म्हणतात, म्हणून 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेश्शे, सेंत्सा आच्चुगे' (मांस, मासे, आच्चुगे यांशिवाय) अशी तिन्ही नावं घ्या. शेवटचं नाव खारवलेल्या अँकोव्ही या छोट्या मासळीचं, ती सॉसमध्ये विरघळून जाते आणि दिसत नाही.

स्वयंपाकघरं दुपारी अडीचला बंद होतात आणि सातनंतर उघडतात. गाडीच्या दिवसांत सकाळीच दुकानातून फळं, दही आणि फोकाच्चा घेऊन ठेवा. रविवारी दुपारनंतर लहान गावांत दुकानंही मिळत नाहीत, तुमचा ओर्बेतेल्लोचा दिवस रविवारी येत असेल तर शनिवारीच घ्या.